माणसांवाचूनची काशी

काशीचे चित्र काढायचे आणि त्यात एकही माणूस काढायचा नाही, असे कुणी म्हणाले तर आपल्या घरातली वडीलधारी मंडळी त्याला खुळ्यातच काढतील. काशी म्हणजे गर्दी. दशाश्वमेधावरच्या छत्र्या, त्यांच्याखाली बसलेले गंगापुत्र, ओल्या वस्त्रांनी पायऱ्या चढणारे यात्रेकरू, न्हावी, नावाडी, साधू, गाई, मणिकर्णिकेकडे चाललेली तिरडी आणि तिच्यामागून निघालेले चार नातलग. हे सारे वजा केले तर मागे उरते काय? रामकुमार नावाच्या चित्रकाराने ते सारे वजा केले. त्याने काढलेल्या काशीत घरे आहेत, पायऱ्या आहेत, देवळांची शिखरे आहेत, नदी आहे, कुठे एखादी होडी आहे. माणूस मात्र औषधालाही नाही.

फराळाचे ताट शेजारी घेऊन वाचणाऱ्या वाचकांपुढे हा असला उदास विषय ठेवावा की नाही, असा विचार माझ्याही मनात येऊन गेला. पण दिवाळीत सगळे घरी जमतात, जुने फोटो निघतात, कोण कधी कुठे गेले होते आणि तिथे काय पाहिले ह्याच्या गोष्टी निघतात, आणि त्या गोष्टींत प्रत्येक गाव थोडे थोडे बदलत जाते. रामकुमारांची चित्रे ह्याच जातीची आहेत. एका प्रवासात पाहिलेले शहर एका माणसाच्या मनात पुढची कितीतरी वर्षे कसे बदलत गेले, त्याची ती वही आहे.

चित्रकाराची थोडी ओळख करून द्यायला हवी. रामकुमारांचा जन्म १९२४ साली सिमल्याला झाला. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजात अर्थशास्त्र शिकून ते बँकेत नोकरीला लागले, आणि ती नोकरी सोडून चित्रे काढू लागले. ज्या काळात बँकेतली नोकरी म्हणजे मुलीच्या बापाला पडलेले गोड स्वप्न होते, त्या काळात त्यांनी हे केले. पुढे पॅरिसला जाऊन आंद्रे ल्होत आणि फेरनां लेजे ह्यांच्या हाताखाली ते शिकले. हिंदीतले नामवंत लेखक निर्मल वर्मा हे त्यांचे धाकटे भाऊ; आणि रामकुमार स्वतःही हिंदीत कथा-कादंबऱ्या लिहीत. त्यांच्या एका कादंबरीचे नाव आहे ‘घर बने घर टूटे’. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. २०१८ साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, ते दिल्लीत वारले.

काशीला ते १९६० साली गेले. बरोबर एम. एफ. हुसेन होते, म्हणजे एक सिमल्याचा आणि एक आपल्या पंढरपुरात जन्मलेला. दोघे उतरले प्रेमचंदांचे चिरंजीव श्रीपतराय ह्यांच्याकडे. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाला क्षेत्राच्या गर्दीचे नवल ते काय! हुसेनांच्या कुंचल्यात माणसे, घोडे, बायका आयुष्यभर नाचत राहिल्या, आणि काशीनेही त्यांचे काही बिघडवले नाही. रामकुमारांचे मात्र सगळेच बदलून गेले.

त्यांनी स्वतः ह्या प्रवासाची आठवण लिहून ठेवली आहे. ऐन हिवाळ्यात, रात्री उशिरा ते तिथे पोहोचले. मंद दिव्यांच्या गल्ल्या निर्मनुष्य होत्या, कुत्र्यांच्या रडण्याखेरीज आवाज नव्हता, आणि ह्या गावात मरणारे आणि मेलेलेच काय ते राहत असावेत, असे त्यांना वाटले. दुसऱ्या दिवशी अर्थातच उजाडले, घाटावर माणसांचा समुद्र लोटला आणि तोही त्यांनी पाहिला. त्या माणसांचे चेहरे त्यांना मुखवट्यांसारखे दिसले, दुःखाच्या खुणा वागवणारे. आणि ते चेहरे त्यांना पडक्या वाड्यांच्या पुढे आलेल्या दारांखिडक्यांसारखे वाटले.

ह्या दोन गोष्टींत सगळी चित्रे आली, असे मला वाटते. पहिली गोष्ट त्या रात्रीची. कुठल्याही नव्या गावात आपला पहिला तास फार दांडगा असतो. पुढे आठ दिवस राहिलो, सगळे गाव पालथे घातले, तरी मनात गाव म्हटले की स्टेशनातून बाहेर पडल्यावर जे दिसले तेच उभे राहते. रामकुमारांच्या मनात काशी उभी राहिली ती रिकाम्या गल्लीची. नंतर आलेल्या लक्षावधी माणसांना त्या पहिल्या रात्रीने आत येऊ दिले नाही. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. चेहरा आणि खिडकी ह्यांत एकदा साम्य दिसले, की चित्रकाराला दोन्ही काढण्याची गरज उरत नाही.

त्यांच्या त्या पहिल्या दिवसांतली शाई आणि मेण वापरून केलेली रेखाटने पाहावीत. आमच्या शाळेतली पोरे हा खेळ खेळतात: मेणबत्तीच्या तुकड्याने कोऱ्या कागदावर काहीतरी गिरगटायचे आणि वरून पातळ रंग फिरवायचा, मेण असेल तिथे रंग धरत नाही आणि लपलेले अक्षर उमटते. रामकुमारांच्या कागदावर तसेच घडते. काळ्या शाईत भिंती बुडाल्या आहेत, आणि मधूनच मेणाने राखलेली एखादी खरबरीत पांढुरकी फट दिसते. ती खिडकी असेल, दोन घरांमधला बोळ असेल, किंवा उतरत्या पायऱ्यांवर पडलेला उजेड असेल. घरे एकमेकांच्या खांद्यावर चढून बसली आहेत. कुठे सुरुवात नाही, कुठे अंगण नाही. ल्होतच्या शाळेत वस्तूकडे पृष्ठभागांचा समुच्चय म्हणून पाहायला शिकवीत. ते शिक्षण इथे कामाला आले. पण पॅरिसमध्ये शिकलेली ती रीत टेबलावरच्या सुरईला आणि गिटारीला लावली तर बुद्धीचा खेळ होतो. इथे तीच रीत जुन्या घरांना लावल्यावर घरांना म्हातारपण आले.

आणि नदी! काशीला गंगा उत्तरेकडे वाहते, घाट पूर्वेकडे तोंड करून बसले आहेत, आणि समोरचा काठ मोकळा, वाळूचा. एका काठावर सगळा संसार आणि दुसऱ्या काठावर काहीच नाही, अशी ह्या शहराची मुळातच रचना आहे. येणारा-जाणारा त्या भरल्या काठाचे वर्णन करतो; रिकाम्या काठाविषयी कुणी अवाक्षर काढीत नाही. रामकुमारांनी तो रिकामा काठ पाहिला आणि जणू तो उचलून अलीकडच्या घरांत आणून ठेवला. त्यांच्या बऱ्याच चित्रांत नदी हा करड्या रंगाचा एक सपाट पट्टा असतो. त्यात घरांचे प्रतिबिंब पडत नाही.

खरी काशी कशी होती हे पाहायचे असेल तर दुसरीकडे जावे. जेम्स प्रिन्सेप नावाचा एक इंग्रज १८२० साली काशीच्या टांकसाळीत धातूची पारख करणारा अधिकारी म्हणून आला, दहा वर्षे राहिला, शहराचा नकाशा केला आणि घाटांची, गल्ल्यांची, उत्सवांची चित्रे काढून ती ‘बनारस इलस्ट्रेटेड’ म्हणून १८३०च्या दशकात प्रसिद्ध केली. पुढे ब्राह्मी लिपी वाचणारा तो हाच. त्याच्या चित्रांत पायरी न् पायरी मोजून घ्यावी. सोने कसाला लावणाऱ्या माणसाचा तो हात आहे आणि त्याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत. पण ती चित्रे पाहून मन कुठे अडखळत नाही. पाहिले, कळले, पान उलटले. रामकुमारांचे चित्र कळत नाही आणि पानही उलटवत नाही.

ह्याचे कारण असे, की काशीची म्हणून आपण जी चित्रे ओळखतो त्यांतली बहुतेक गंगेपासून दूर, दिल्लीतल्या खोलीत बसून झालेली आहेत. घाटावर चित्रकाराला डोळे असतात. खोलीत त्याच्यापाशी आठवण असते, आणि आठवणीला जे नको ते ती खुशाल टाकून देते. आपल्या गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’ लिहिला तो १८५७चा वणवा पाहून आल्यावर पंचवीसेक वर्षांनी. तारखा तपासणारे त्यात चुका काढतात, त्या काढाव्यातच. पण झाशीची लूट त्यांनी जशी सांगितली आहे तशी ती दुसऱ्या दिवशी लिहिली असती तर उतरली असती का, ह्याची मला शंका आहे. मधल्या पंचवीस वर्षांनी त्यातला फापटपसारा झडवून टाकला होता.

माझी आजी १९६१ साली आळीतल्या बारा बायकांबरोबर काशीला जाऊन आली. पुढे तीस वर्षे ती काशीची गोष्ट सांगत होती. गोष्टीत शेवाळलेली पायरी असे, धर्मशाळेच्या समोरच्या भिंतीतली निळी खिडकी असे, रात्रभर येणारा पाण्याचा आवाज असे. पण त्या बारा बायकांपैकी एकही त्या गोष्टीत नसे! मी विचारी, “आजी, बाकीच्या कुठं होत्या गं?” ती म्हणे, “होत्या की. तिथंच होत्या.” शाळेच्या सहलीहून परतल्यावर आठवड्याने मुलांना चित्र काढायला सांगतो तेव्हा हेच दिसते. रायगडाच्या पायऱ्या कागदाच्या बाहेर जातात, महादरवाजा अर्धा कागद व्यापतो, आणि एकमेकांच्या डब्यातले खाऊन धिंगाणा घातलेले साठ जण कुठल्या कुठे नाहीसे झालेले असतात. सोबत विसरली जाते असे नव्हे. ती दगडांत मुरते.

इथवर रामकुमारांची वकिली केली. आता माझी तक्रार. ही तक्रार चित्रकलेतल्या जाणकारांना बाळबोध वाटेल, पण मी गोष्टी लिहिणारा माणूस आहे, आणि माणसे गाळली की आम्हा लोकांना धाप लागते.

काशीला जाण्याआधी, पन्नासाव्या दशकात, रामकुमार माणसेच रंगवीत होते. डाव्या विचारांची त्यांना ओढ होती. शहरातले बेकार तरुण, चुरगळलेल्या कोटातले कारकून, पुतळ्यासारखी उभी असलेली हताश कुटुंबे, आणि त्यांच्या पाठीमागे कोंदट घरांची रांग, अशी ती चित्रे आहेत. ‘व्हॅगाबाँड’ हे १९५६चे चित्र त्यांतलेच. त्या चित्रांतल्या माणसांचे मोठे डोळे तुमच्याकडे पाहतात आणि काही मागत नाहीत, म्हणूनच जास्त बोचतात. अशा माणसाने काशीला जावे, जिथे डोम आहेत, नावाडी आहेत, मागावर डोळे फोडणारे विणकर आहेत, मरणाची वाट पाहत आश्रमांत पडलेल्या विधवा आहेत, आणि ह्यांतल्या एकालाही कागदावर घेऊ नये? दुःख फार झाले म्हणून दुःखी माणसालाच चित्राबाहेर काढावे, ही सोय तर नव्हे? काशीतल्या त्या विधवांत आपल्या मुलखातल्याही कितीतरी होत्या. त्यांना भिंतीत चिणून ‘भिंत बोलते आहे’ म्हणणे सोपे आहे.

तक्रार मी मागे घेत नाही. पण ती सगळ्या चित्रांना सारखी लागू होत नाही. १९६० ते साधारण १९६४ पर्यंतच्या काळ्या, तपकिरी, राखी रंगांतल्या चित्रांपुढे ती टिकत नाही. तिथे घर हेच माणूस झालेले आहे. मागच्या पार्श्वभूमीतली ती कोंदट घरांची रांग दोन पावले पुढे आली आणि पुढे उभा असलेला कारकून तिच्या आत शिरून दार लावून बसला, असे ती चित्रे पाहताना वाटते. एकेक खिडकी पापण्या मिटल्यासारखी. एक भिंत दुसरीवर अशी रेललेली, की खालची हलली तर सगळा डोलारा कोसळावा. कादंबरीच्या त्या नावातले बनणे आणि तुटणे इथे एकाच क्षणी चालू आहे. शिंदे घाटाजवळ रत्नेश्वराचे एक कललेले देऊळ आहे. बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास बांधविलेला घाट स्वतःच्या भाराने खचला आणि देऊळ कलले, असे सांगतात. रामकुमारांनी नेमके तेच देऊळ काढले असे मी म्हणत नाही. पण ज्या काठावर दगडालासुद्धा आपला भार सोसत नाही, त्या काठाची ही चित्रे आहेत, हे त्यांतल्या प्रत्येक तिरक्या रेघेवरून कळते.

ह्या काठावरचा बराचसा दगड आपल्याकडच्या पैशांतून उभा राहिला आहे, हे आपण मराठी माणसे अभिमानाने सांगतो. दशाश्वमेध पेशव्यांनी बांधविला, भोसले घाट नागपूरकरांनी, विश्वनाथाचे देऊळ १७८० साली अहिल्याबाईंनी पुन्हा उभारले. रामकुमारांच्या चित्रांत ही कुणाचीच पाटी नाही. कुठला घाट कुणाचा हे ओळखू येत नाही. मला हे आवडले. अभिमान हा दिवसाउजेडीचा आहे. त्या रात्री गल्लीतून चालणाऱ्या माणसाला पाटी कशी दिसावी?

पुढची चित्रे मात्र मला तितकी पटत नाहीत. सत्तरीनंतर घरे विरघळत गेली, भिंतींचे नुसते रंगांचे पट्टे झाले, निळा आणि पिवळा मोकळेपणाने येऊ लागला. चित्रे सुंदर आहेत, ह्यात वाद नाही. दिवाणखान्यात लावली तर भिंत उजळेल. पण त्यांतली कित्येक काशीची आहेत हे नाव वाचल्यावर कळते, आणि कित्येकांना तर नावही नाही. आठवण झिजत जाऊन तिचा अर्क व्हावा ते पहिल्या चार-पाच वर्षांत झाले. नंतर पुष्कळदा अर्काची नुसती सवय उरली. मोठ्या कवीच्या उतारवयातल्या कवितांत शब्द तेच गोड असतात आणि मागची ठेच नसते, तसे काहीसे. त्यांतही मधूनच एखादी काळी फट उघडते आणि आपण दचकतो.

त्यांच्या पिढीत माणसे गाळणारे ते एकटे नव्हते. सय्यद हैदर रझा मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून १९५० साली फ्रान्सला गेले आणि त्यांनीही दक्षिण फ्रान्समधली डोंगरउतारावरची गावे काढली. १९५१चे ‘ओ द कान्य’ हे त्यांतले प्रसिद्ध. तिथेही घरांवर घरे रचलेली आणि गावात चिटपाखरू नाही. पण रझांचे गाव नुकतेच कापून चिकटवल्यासारखे स्वच्छ आहे. तिथे कधी कुणी राहतच नसावे. रामकुमारांच्या घरातून आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखे वाटते. मूळच्या गोव्याच्या सूझांची शहरे तिसऱ्याच तऱ्हेची, काळ्या जाड रेघांनी ठोकून बसवलेली, रागीट. तीन चित्रकार, तिघांच्या रिकाम्या गावांत तीन वेगळी हवा. रिकामेपण म्हणजे नुसता अभाव, असे समजणाऱ्यांनी ही तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

अलीकडे ह्या चित्रांविषयी एक नवीच गोष्ट बोलली जाऊ लागली आहे. १३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ धामाचे उद्घाटन झाले. देवळापासून गंगेपर्यंत मोकळी वाट करण्यासाठी मधल्या तीनशेहून अधिक इमारती पाडण्यात आल्या. घरांच्या पोटात दडलेली चाळीसहून अधिक जुनी देवळेही त्यात उघडी पडली. ज्यांना म्हाताऱ्या आईला हाताला धरून त्या गल्ल्यांतून न्यावे लागले आहे ते ह्या मोकळ्या वाटेबद्दल धन्यवाद देतील. ज्यांचे घर गेले ते वेगळे बोलतील. मला एवढेच सांगायचे आहे, की त्या पाडलेल्या घरांची आठवण म्हणून रामकुमारांची चित्रे पुढे केली जातात, ते बरोबर नाही. कुठले घर कुठे होते, त्याला किती मजले होते, दार कुठल्या गल्लीत उघडे, ह्यांतले काहीही ती चित्रे सांगणार नाहीत. त्यासाठी फोटो आहेत, कागदपत्रे आहेत, दूरच्या काळासाठी प्रिन्सेप आहे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ह्या चित्रांना उभे केले तर उलटतपासणीत ती पहिल्याच प्रश्नाला गडबडतील.

मग ती काय सांगतात? १९६० साली एक छत्तीस वर्षांचा मनुष्य थंडीत कुडकुडत एका अंधाऱ्या गल्लीतून चालला होता, दोन्ही बाजूंच्या भिंती त्याच्याकडे पाहत होत्या, आणि त्या भिंतींत पूर्वी आपण रंगवलेली सगळी माणसे बसली आहेत असे त्याला वाटले, एवढे सांगतात. ते मात्र पक्के सांगतात. मुंबईतल्या एका प्रदर्शनात अशाच एका लहानशा शाईच्या कागदासमोर मी बराच वेळ उभा होतो. खालच्या डाव्या कोपऱ्यात एक होडी होती, म्हणजे वाकडी अशी एकच रेघ. तिला वल्हे नव्हते, दोर नव्हता, नावाडी तर नव्हताच. शेजारी उभ्या असलेल्या एका लहान मुलीने बापाला विचारले, “बाबा, ही होडी कुणाची?” बापाने चष्मा वर करून खालची पाटी वाचली. पाटीवर साल होते आणि शाई-मेण-कागद असे लिहिले होते. तो पुन्हा चित्राकडे वळला आणि त्या घरांच्या गर्दीत एकेक खिडकी बोटाने हवेतच मोजू लागला.